कोऱ्या कॅसेटींच्या मागे

तिसा नदीचा काठ
गुरुवार, ३१ ऑक्टोबर २०१९

प्रिय कूम ओब्राद,

तुला आणि स्मिल्यावहिनीला नमस्कार. घरात सगळ्यांना आरोग्य असो. माझं म्हणशील तर वयाच्या मानाने ठीक आहे. गुडघा कुरकुरतो पण चालतो, मीही कुरकुरतो पण चालतो. अक्रोड यंदा इतके आले की शेजारच्या इलोन्काला दोन टोपल्या भरून दिल्या, तरी माळ्यावर पाय ठेवायला जागा नाही. पोस्टातली पोरगी मला म्हणाली, "मास्तर, बेलग्रेडला पत्र? फोन करा की!" मी म्हटलं, "फोनवर बोललेलं खोडता येत नाही." ती हसली. तिला वाटलं, म्हाताऱ्याने विनोद केला.

मालिकेबद्दल अभिनंदन. 'पाठवणी'चे आतापर्यंतचे तिन्ही भाग मी इलोन्काकडे बसून पाहिले, तिचा टीव्ही मोठा आहे म्हणून. रविवारी आठ वाजले की आपल्या गावात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. तुझ्या दानित्साने दिग्दर्शन फार नेटकं केलंय. नदीवरचं धुकं तर असं टिपलंय की मला शाल ओढून घ्यावीशी वाटली. पोरीच्या हातात कसब आहे, आणि ते शिकवून येणारं नव्हे.

तिचं नाव मी ठेवलं, हे आठवून त्या रविवारी मी उगाच ताठ बसलो होतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी देवळाच्या पायरीवर तुझी आई मला बजावत होती, "पेर्सिदा ठेव हो, माझं नाव ठेव." आणि पाद्रीबाबांनी विचारल्यावर मी म्हणालो, "दानित्सा." पहाटेची चांदणी. म्हातारी वर्षभर माझ्याशी बोलली नाही. पण कुमाने ठेवलेलं नाव बदलत नाहीत, त्यामुळे तिचा इलाज चालला नाही. त्याआधी तुझ्या लग्नात मी तुझ्या पाठीशी उभा राहिलो होतो. तेव्हापासून आपण एकमेकांचे कूम. लोक सख्ख्या भावावर दावा लावतात. कुमाकडे कुणी साधी सहीसुद्धा मागत नाही. आपणही कधी मागितली नाही.

बघ, पत्र लिहायला घेतलं एका कारणासाठी आणि भरकटलो दुसरीकडे. शाळेतही माझं असंच व्हायचं. व्याकरणाचा तास सुरू करायचो आणि घंटा होईपर्यंत मुलं शरद ऋतूवरच्या ओळी म्हणत असायची.

पंच्याऐंशीचा वसंत आठवतो? तुझा मेव्हणा श्टुटगार्टहून आला. डिकीत कपडे धुण्याच्या पावडरीची बारा खोकी आणि तेराव्यात कॅमेरा. तू तेव्हा गावातले टीव्ही दुरुस्त करायचास. कॅमेरा खांद्यावर घेऊन तू माझ्या अंगणात आलास आणि म्हणालास, "कुमा, आता आपण लोकांना त्यांचीच तोंडं विकायची."

"ती त्यांना आरशात फुकट दिसतात," मी म्हटलं.

"आरसा म्युनिकला पाठवता येतो का?"

आपली कंपनी त्याच क्षणी उभी राहिली. कागद पुढे चार वर्षांनी झाले. आपल्या भागातलं निम्मं गाव जर्मनीत, ऑस्ट्रियात कामाला. इकडे भाचीचं लग्न, पुतण्याची सैन्यात पाठवणी, आणि तिकडे मामा-काका कारखान्याच्या खोलीत एकटे. त्यांच्यासाठी आपण कॅसेटी भरायचो. पहिल्याच लग्नात तुझी बॅटरी संपली. नवरीला केक तीनदा कापायला लावलास. तिसऱ्यांदा ती सुरी घेऊन तुझ्याच अंगावर आली. तेही कॅसेटमध्ये होतं आणि स्वीडनमधल्या माल्म्योच्या मामाला म्हणे तेवढंच आवडलं.

माझं काम आवाजाचं. माझ्या ल्युबित्साच्या कोठीत आपण तो मुद्रित करायचो, कारण बरण्यांनी भरलेल्या खोलीत आवाज घुमत नाही. मी कांद्याच्या वेण्यांखाली उभा राहून दहा-दहा अक्षरांच्या ओळी म्हणायचो, नवऱ्याच्या आजोबांपासून सगळ्यांची नावं गुंफून. मधेच एखाद्या बरणीचं झाकण टक् करायचं. ल्युबित्सा दारातून म्हणायची, "आटपा. तुमच्या कवितेने माझी काकडी आंबते." आज ती असती तर तुमच्या त्या साउंड स्टुडिओत, ज्याला म्हणे तीन-तीन दारं आहेत, एक बरणी नेऊन ठेवली असती.

आणि नावही मीच ठेवलं, स्केला. नदीवर माणसं-गाड्या पार नेणारी आपली जुनी तर, दोन्ही काठांची सारखीच. तुला 'ओब्राद व्हिडिओ' हवं होतं.

पुढे मी कंपनीतून उतरलो. तू चालवत राहिलास. देशावरच्या निर्बंधांच्या काळात पेट्रोल रस्त्यावर बाटल्यांतून विकत घेऊन तू मक्याच्या बियाण्याच्या जाहिराती काढल्यास, मग गावोगावच्या टीव्हीसाठी स्वयंपाकाचे कार्यक्रम, मग नदीवरचा तो माहितीपट. त्याला परदेशात बक्षीस मिळालं तेव्हा तू इथे येऊन माझ्या ओसरीवर ढसाढसा रडलास. मग बेलग्रेडला दोन खोल्या, मग एक मजला. दानित्सा प्रागला शिकून आली, तिचा पहिला सिनेमा, दुसरा सिनेमा, आणि आता ही मालिका. गेल्या वर्षी चित्रीकरण बघायला तू मला नेलंस. सात ट्रक, पंचेचाळीस माणसं, एक बाई नुसती नटाच्या डोक्यावर छत्री धरायला. मी विचारलं, "आपल्या गावात का नाही काढत?" तर तुझ्या माणसांतला एक पोरगा म्हणाला, "आजोबा, तुमचं गाव आता जुनं दिसत नाही." मी त्याला म्हटलं, "बाळ, मी दिसतो ना?"

मला त्या दिवशी कथा मात्र कुणी सांगितली नाही. मीही विचारली नाही. कुमाच्या ताटात काय आहे हे कूम वाकून बघत नाही.

म्हणून मी पहिला भाग कोरा बसून पाहिला. एक नदी. एक गाव. गावात कवितावेडा शाळामास्तर. एक्याण्णव साल, युद्ध दारात, मास्तरच्या मुलाला सैन्याचं बोलावणं. रस्त्यात मंडप, तंबुरावाले, दोनशे पाहुणे. इलोन्का सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. मधेच थांबली. "तिहोमिर," म्हणाली, "हा माणूस चष्मा तुझ्यासारखाच पुसतो. टायच्या टोकाने."

मी म्हटलं, "पुष्कळ लोक पुसतात."

"आणि कविताही तुझ्यासारखीच म्हणतो. कुणी विचारलेलं नसताना."

तिसऱ्या भागात तो नट उठून उभा राहिला, पेला उचलला आणि मुलाला म्हणाला, "जा, तिसेसारखा जा, नदी कधीच मागे वळेना." इलोन्काने बियांची वाटी खाली ठेवली. ती त्या मंडपात होती. तिने तीन हंडे सारमा, कोबीच्या पानांतला खिमा, वळायला मदत केली होती.

ती ओळ माझी आहे, ओब्राद. कुठल्या पुस्तकात नाही. एक्याण्णवच्या सात सप्टेंबरला, माझ्या वोयिनच्या पाठवणीत, मी ती एकदाच म्हणालो. आता पोरं ती बस-स्टॉपवर एकमेकांना थट्टेत म्हणतात.

इथवरही मी गिळलं असतं. मनाशी म्हटलं, आठवणीतून लिहिलं असेल, कुमाची स्मरणशक्ती चांगली. पण परवा दानित्साचं पत्र आलं. हाताने लिहिलंय, म्हणून जास्त लागलं. ती म्हणते, आठव्या, शेवटच्या भागाच्या अखेरीस नट बाजूला करायचा आणि खरा वोयिन दाखवायचा. साडेतीन मिनिटं, तुझ्या त्या दिवसाच्या कॅसेटमधली. "कूमबाबा, तुमच्या हो-शिवाय मी ते लावणार नाही. नाही म्हणालात तर नाही."

कुठली कॅसेट, ओब्राद?

वोयिन त्याच ऑक्टोबरात युद्धात मारला गेला. त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला, मेणबत्त्या लावून झाल्यावर, कबरस्तानाच्या फाटकापाशी मी तुझा हात धरला आणि म्हटलं, ती कॅसेट पूस. तू म्हणालास, "विचार कर, कुमा." मी म्हटलं, "आपल्या कुमपणाची शपथ घेऊन सांग, पुसशील." तू घेतलीस. आठवड्याने आलास आणि टोपी हातात धरून म्हणालास, "झालं. त्यावर चुरुग गावचं एक लग्न घेतलं." मी तुला मिठी मारली. मी तुझे आभार मानले, माणसा! तुझ्याशी कंपनीत राहण्याचं बळ माझ्यात उरलं नव्हतं, पण मनात म्हणालो, जगात एक माणूस आहे ज्याचा शब्द शब्द आहे.

त्या कॅसेटमध्ये काय होतं ते तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. तिसऱ्याला कळायचं कारण नव्हतं.

माझं उत्तर नाही असं आहे. दानित्साला मी वेगळं लिहीत नाही. तूच सांग, म्हणजे तुला तिच्या तोंडाकडे बघून सांगावं लागेल.

आणि येत्या आठ तारखेला तुझ्या घरच्या संताचा सण. सणाला कुणी कुणाला बोलावत नाही, दार उघडं असतं आणि कूम पहिला आत येतो. चाळीस वर्षं मी आलो. वोयिन गेला त्या वर्षीही आलो, काळा कोट घालून. न येणाऱ्याने कारण कळवायची पद्धत नाही, पण मी कळवतोय. यंदा माझी खुर्ची भिंतीशी लावून ठेव.

स्मिल्याला तिच्या अक्रोडांची पिशवी बसवाल्याकडे दिली आहे. तिचा यात काही दोष नाही.

अजून तरी तुझा कूम,
तिहोमिर


गुरुवार, २१ नोव्हेंबर २०१९

ओब्राद,

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तुला नुसत्या नावाने पत्र लिहितोय.

तू उत्तर दिलं नाहीस, लेकीला पाठवलंस. रविवारी दुपारी ती आली. गाडीतून जुना व्हीसीआर काढला, कापडात गुंडाळलेला, एखादं तान्हं बाळ उचलावं तसा. दारातच म्हणाली, "कूमबाबा, आत घेणार की अक्रोडांबरोबर माळ्यावर पाठवणार?"

मी म्हटलं, "माळ्यावर जागा नाही. आत ये."

तिला मासळीचा रस्सा वाढला. तिने दोनदा घेतला, हाताने काटे काढत, लहानपणी काढायची तसेच. मग हात धुऊन आली आणि शाळेत उत्तरं देणाऱ्या मुलीसारखी समोर बसली. मी विचारत गेलो.

"तुझ्या बापाने पुसली नव्हती?"

"नाही. दोनदा बसले होते पुसायला. हात चालला नाही म्हणतात."

"मग मला खोटं का सांगितलं?"

"तुम्ही शपथ घातली होतीत. शपथ मोडली हे कसं सांगणार?"

"अठ्ठावीस वर्षांत?"

मग खाली बघून तिने ते सांगितलं, जे तू स्वतः येऊन सांगायला हवं होतंस. दरवर्षी सणाच्या सकाळी तू ती कॅसेट कपाटातून काढून टेबलाच्या खणात ठेवायचास. मी यायचो, तुझ्या उजव्या हाताला बसायचो, मेणबत्तीपाशी. तुझा गुडघा त्या खणाला टेकलेला. मी राकिया प्यायचो, जुन्या ओळी म्हणायचो, कधी बोलता बोलता वोयिनचं नाव निघालं की मेणबत्तीकडे बघायचो. मी निघालो की तू कॅसेट पुन्हा कपाटात ठेवायचास.

"लहान असताना मला वाटायचं, तोही सणाचाच एक विधी आहे," दानित्सा म्हणाली.

मी विचारलं, "आणि मालिकेआधी किती जणांनी पाहिली?"

"पटकथेच्या बैठकीत आम्ही आठ जण. आणि तो नट. त्याने... बरेचदा."

माझा चष्मा पुसणं कुठून आलं ते कळलं. ओब्राद, ऐक, यातलं मला काय लागलंय ते नीट ऐक. पुसली नाहीस हे नव्हे. माझा मुलगा हसताना, बोलताना, जिवंत, तुझ्या खणात होता. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून त्याच्या आत्म्याला शांती मागत होतो. आणि तो तू मला दाखवला नाहीस. दाखवलास तो आठ अनोळखी माणसांना, कॉफी पीत बसलेल्या. एका नटाने माझ्या आधी माझा मुलगा पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला, पाठ केला.

आणि दुसरं. चाळिसाव्याला, वर्षश्राद्धाला, ल्युबित्सा गेली तेव्हा, कधीही तू मला म्हणाला नाहीस, "तिहोमिर, तू त्याला पाठवलंस." एकदा म्हणायचं होतंस. मी तुला मारलं असतं आणि मग कदाचित तुझ्या गळ्यात पडलो असतो. तोंडावर एक वाक्य बोलला नाहीस आणि आठ भाग करून साऱ्या देशाला सांगितलंस.

हो. आता लिहायलाच हवं. मागच्या पत्रात मी ते चुकवलं, तुझ्या नजरेतून सुटलं नसेल.

त्या सकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघेच होतो. बाहेर मंडपाचे खांब ठोकत होते. ल्युबित्साने भरतकाम केलेला टॉवेल मी त्याच्या छातीवर तिरका बांधून बघत होतो, संध्याकाळी नीट बसावा म्हणून. वोयिन म्हणाला, "बाबा, ओब्रादकूम उद्या पहाटे सीमेपलीकडे, हंगेरीत, सेगेदला जातोय, कॅसेटी आणायला. म्हणतो, परत येताना गाडी भरलेली असते, जातानाही थोडी खोकी ठेवली तर कुणी बघत नाही. कोऱ्या कॅसेटींच्या मागे मी मावेन."

मी गाठ मारत होतो. मारत राहिलो.

"आणि मंडप?" मी म्हणालो.

"मंडपाचं काय?"

"दोनशे माणसं येतायत. नोवी सादहून तंबुरावाले येतायत. उद्या सकाळी तुला पोचवायला अख्खी गल्ली स्टेशनवर येणार. त्यांना काय सांगू? मास्तरचा मुलगा खोक्यामागे बसून पळाला?"

तो म्हणाला, "सांगा की, गेला."

"मी शाळेत तीस वर्षं काय शिकवलं मग?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही. मुलं वर्गात, मास्तर फळ्यावर चुकतोय हे कळल्यावर, सांगावं की नाही असा विचार करत बघतात ना, तसं. म्हणाला, "बरं." आणि टॉवेल थोडा सैल केला.

ओब्राद, मंडप ठोकून झाला होता. तीन हंडे सारमा चुलीवर होता. या दोन गोष्टींसाठी मी माझा मुलगा दिला. देशासाठी वगैरे मी नंतर म्हणू लागलो.

दानित्साने कॅसेट लावली. आधी पडद्यावर बर्फासारखे ठिपके, मग रंग थोडे वाहून गेलेले. ल्युबित्सा टोपलीतून पाव वाटतेय, बेचाळीस वर्षांची, केस बांधलेले, काहीतरी ओरडून सांगतेय आणि तंबुऱ्यात ऐकू येत नाहीये. इलोन्का. तुझी आई, अजून माझ्यावर रुसल्यासारखी. आणि मी उभा राहतो. काय ताठ मान, काय तो टाय! मला त्या माणसाची लाज वाटली आणि त्याचा हेवाही वाटला, त्याला अजून काहीच झालेलं नव्हतं.

मी चष्मा पुसला. कॅसेटमधल्याने आणि खुर्चीतल्याने एकाच वेळी.

"जा, वोयिन, तिसेसारखा जा, नदी कधीच मागे वळेना."

लोकांनी पेले उचलले. आणि वोयिन, टॉवेल छातीवर, पेला हातात, हसून म्हणाला, "बाबा, आपली वळते. डॅन्यूब भरली की."

सगळा मंडप हसला. बरोबरच होतं त्याचं. खाली डॅन्यूब चढली की आपली तिसा थांबते आणि मग उलटी, वरच्या दिशेने सरकू लागते. आपल्या काठावरच्या प्रत्येक पोराने ते पाहिलंय, टोप्या पाण्यात टाकून त्या कुठे जातात ते बघितलंय. मलाही ठाऊक होतं. ओळ लिहिताना ठाऊक होतं. पण अक्षरं बरोबर दहा बसत होती.

मग त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं. म्हणजे तुझ्याकडे. खोडकर आवाजात म्हणाला, "कूम, गाडीत जागा आहे का?"

लोक पुन्हा हसले, त्यांना वाटलं स्टेशनवर सोडायला. आणि कॅमेऱ्यामागून तुझा आवाज आला. मी तो विसरलो होतो, ओब्राद, देवाशपथ विसरलो होतो. तू हसत नव्हतास. तू म्हणालास, "तुला आहेच."

चित्र हललं. तुझा खांदा हलला असणार.

आणि मग मी. त्या मंडपात हे दोन शब्द थट्टेतले नाहीत हे ज्याला ठाऊक होतं असा तिसरा माणूस. मी पेला खाली ठेवला आणि मुलाला म्हणालो, "बस खाली. लोक बघतायत."

तो बसला.

हेच मला पुसून हवं होतं. त्याचा चेहरा नव्हे. माझी ही चार अक्षरं, पाच अक्षरं, कितीही असोत. ती जावीत म्हणून मी त्याचा चेहराही देऊन टाकायला तयार होतो. दुसऱ्यांदा.

पुढे काय आहे ते मला माहीतच नव्हतं. कोलोचा फेर सुरू होतो, सगळे उठतात, मी सुद्धा उठतो, पाहुण्यांच्या घोळक्यात जातो. तू मात्र कॅमेरा तिथेच धरून ठेवलास. टेबलाशी तो एकटा. पावाचा तुकडा मोडतो, खात नाही. टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळतो, सोडतो. मग वर बघतो, तुझ्याकडे, आणि एक डोळा मिचकावतो. कशासाठी? "होईल सगळं ठीक" म्हणून? की "राहू दे, कूम" म्हणून? तू तिथे होतास. तुला कळलं असेल. मला कधीच कळणार नाही.

दानित्साने थांबवलं. बाहेर इलोन्का कोंबड्यांना शिव्या घालत होती.

मग पोरगी हळूच म्हणाली, "कूमबाबा, एक सुचवू? तुमचं वाक्य मी काढू शकते. 'तुला आहेच' वर कापायचं आणि सरळ टेबलापाशी जायचं. कुणाला कळणारसुद्धा नाही. बाबाही हो म्हणालेत."

बघ, किती सोपं असतं ते. चाळिसाव्याला मी फाटकापाशी तुझा हात पिरगाळून जे मागितलं, ते आज तुझी लेक रस्सा खाऊन झाल्यावर सहज देऊ करते. कापलं की झालं. मग उरेल एक गोड मुलगा, एक मायाळू कूम, आणि एक कविता म्हणणारा बाप. साऱ्या देशाला आवडेल. मलाही आवडलं असतं. मी काही क्षण तसं चित्र मनात लावून पाहिलं, खोटं नाही सांगत. छान दिसलं.

पण मग ते खोटं कॅसेटवर येईल, आणि ते मी केलेलं असेल. तुझ्यावर कुठल्या तोंडाने रागावू?

मी तिला म्हटलं, "त्याला अजून एकदा लाव." तिने लावलं. मी त्याला डोळा मिचकावताना पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग व्हीसीआर मी ठेवून घेतला, कॅसेटही. ती "प्रत काढलीये आम्ही" म्हणाली. मूळ माझ्याकडे राहणार, यावर तुला काही म्हणायचं असेल तर इथे येऊन म्हण. ती आता ल्युबित्साच्या कोठीत आहे, बरण्यांच्या वरच्या फळीवर. तिथेच आपण सुरुवात केली होती.

कंपनीबद्दल एक शेवटचं. दानित्सा म्हणते, नावांच्या यादीत मला संस्थापक म्हणून घालायचं. नको. 'आवाज' म्हणून घाला. मी तेवढाच होतो. बाकी सगळं तू केलंस, हे मी कबूल करतो, आणि चांगलं केलंस. स्केला आता इतकी मोठी झाली की पंचेचाळीस माणसांना तिच्यात जागा आहे. मला मात्र ती नेहमी तुझी जुनी पांढरी गाडी दिसते, मागे कोऱ्या कॅसेटींची खोकी, आणि खोक्यांमागे एका माणसापुरती रिकामी जागा. ती तू ठेवली होतीस. मी भरू दिली नाही. यासाठी मी तुझा ऋणी आहे आणि खणातल्या त्या कॅसेटीसाठी मी तुला माफ करू शकत नाही. दोन्ही एकदम कसं असू शकतं ते मला विचारू नकोस; मी तेवढा मोठा कवी नाही.

पुढच्या सणाला येईन की नाही, ठाऊक नाही. दार उघडं ठेव असं सांगत नाही. ते असतंच.

दानित्साला सांग, माझं उत्तर हो आहे. साडेतीन मिनिटं, जशीच्या तशी. तो हसतो ते ठेव, तुझा आवाज ठेव, आणि माझं वाक्य ठेव. एक अक्षरही कापायचं नाही.

लोकांना बघू दे.

वोयिनचा बाप,
तिहोमिर